पाहुण्यांचा परिचय

माझे यजमान गेले त्याला वर्ष होत आलं, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ एक व्याख्यान ठेवायचं मी ठरवलं. साल २०१५. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं कोणी अन्नदान करतं, कोणी शाळेला पुस्तकांचं कपाट देतं. वाचनात रमणाऱ्या माणसाच्या नावानं मात्र व्याख्यानच व्हायचं, असं मी पुण्यात वडिलांबरोबर सभांना जायची तेव्हापासून पाहत आले होते. ऑकलंडमध्ये पंधरा वर्षं काढूनही ती समजूत माझ्यातून गेली नव्हती.

वक्ता कोण, हा प्रश्न नव्हता. तो त्यांनीच सोडवून ठेवला होता.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून आम्ही सात वर्षं मलावीत होतो. आफ्रिकेच्या आग्नेय भागातला हा चिंचोळा, गरीब देश. ते संख्याशास्त्रातले; तिथल्या एका सरकारी कार्यालयात पिकांच्या अंदाजाचं काम पाहायला करारावर गेले होते. मी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळत असे. त्यांच्या हाताखाली नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली एक मुलगी होती. उंच, कमी बोलणारी. सायकलवर गावोगाव हिंडून ती शेतं मोजायची आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. मक्याच्या पिठाची घट्ट उकड हे तिकडचं रोजचं अन्न. ती ही उकड माझ्या पिठल्याशी खाऊन म्हणायची, "अमाई, तुमचा हा पिवळा चिखल चांगला लागतो." अमाई म्हणजे तिच्या भाषेत आई; वडीलधाऱ्या बाईला मानानं असंच म्हणतात.

एका वर्षी बाहेरून तज्ज्ञांचं पथक आलं. देशाच्या कोठारातला मका किती ठेवायचा आणि किती विकायचा हे ठरायचं होतं. पथकाच्या कागदांत रताळ्यांचं आणि साबुदाणा ज्यापासून होतो त्या कसाव्याच्या कंदाचं पीक भरघोस दाखवलेलं होतं, म्हणजे मका कमी पडला तरी माणसं उपाशी राहणार नाहीत. ही मुलगी त्याच जिल्ह्यांतून फिरून आली होती. पुष्कळ ठिकाणी एकच शेत दोनदा धरलं गेलंय, हे तिनं शोधून काढलं. बैठकीला टेबलाशी परदेशी पाहुणे, वरिष्ठ अधिकारी आणि माझे यजमान. ती मागे, भिंतीला लागून ठेवलेल्या बाकावर. तिचं म्हणणं यांनी मांडलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या, लिहून घेतलं, आणि अहवालात ती गोष्ट तळटीप होऊन आली. निर्णय होता तोच राहिला. पुढचा उन्हाळा त्या जिल्ह्यांना फार वाईट गेला.

"ती माझ्या मागे सहा फुटांवर बसली होती," ते पुढे वीस वर्षं म्हणत राहिले. "'तिलाच विचारा' एवढं म्हणायचं सुचलं नाही मला."

त्यांच्या शेवटच्या आजारात तिची ईमेल आली. ती आता त्याच खात्यात बऱ्याच वरच्या जागेवर होती. इथल्या विद्यापीठात सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी पुढच्या वर्षी येणार होती. मी ईमेल वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते.

"तिला कुठेतरी एकदा तासभर बोलू दे," ते म्हणाले. "पुरता तास. मध्ये कोणी बोलायचं नाही." थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले, "मी असलो तर मीसुद्धा नाही."

ते नव्हते. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मराठी मंडळाचे त्या वेळचे अध्यक्ष पापाटोएटो या उपनगरात फार्मसी चालवत. कोणाच्या घरी आजारपण असलं की दुकान बंद करून आधी औषध पोचवणारा भला माणूस. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. सँडरिंगहॅमचा हॉल बुक करतो. अडीच ते पाच. विषय काय टाकू मेसेजमध्ये?"

"जगाचे आर्थिक निर्णय आणि आफ्रिकेतल्या गरीब देशांचा आवाज."

"चालेल. थोडं हेवी आहे, पण चालेल. खाली 'अल्पोपाहार' लिहितो."

त्यांनी कार्यक्रमपत्रिका पाठवली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, आठवणी, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, व्याख्यान, अध्यक्षीय समारोप, आभार. मी आयुष्यभर ग्रंथालयात सूची करणारी बाई. वेळा मांडून पाहिल्या. व्याख्यान साडेतीनला सुरू झालं तर साडेचारला संपेल, वर अर्धा तास हाताशी. मला त्या पत्रिकेत काही वावगं दिसलं नाही. अशाच पत्रिका बघत मी मोठी झाले होते.

परिचय मी करून द्यायचा होता. एक पान, असं ठरवून बसले. ती कुठे काम करते हे सांगायचं म्हणजे ते कार्यालय आलं. कार्यालय आलं की त्यात बसणारे हे आले. मग त्यांची सकाळी सातला चालत जायची वाट, वाटेवरची जांभळ्या फुलांची झाडं, दौऱ्यावरून आल्यावर बुटांतली लाल माती दारात झटकायची सवय. ते कसे शेतकऱ्याशी बोलताना आधी त्याच्या शेळ्यांची चौकशी करत. पानं तीन झाली, चार झाली. वर्षभरात मी त्यांच्याविषयी कोणाशी बोलले नव्हते. भेटायला येणारे माझी तब्येत विचारत. माझ्या मुलीशी बोलायला जावं तर ती उठून भांडी लावायला लागे. तिचं दुःख तिच्या हातांत होतं. त्यामुळे साठलेलं सगळं त्या परिचयात उतरलं. आदल्या दिवशी मोठ्यानं वाचून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही.

त्या शनिवारी पाऊस होता. लोक गाड्या लावायला जागा शोधत राहिले आणि अडीचचा कार्यक्रम तीनला सुरू झाला. हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी असल्यामुळे समईत बॅटरीचे दिवे बसवले होते. पाहुण्यांनी बटण दाबून ते लावायचे. पाचातला एक लागेना. अध्यक्षांनी त्याला टिचक्या मारल्या, उलटा केला, शेवटी कोणीतरी सेल बदलला. टाळ्या झाल्या. मग स्वागतगीत. मग प्रास्ताविक. मग आठवणी: तिघंजण 'दोन शब्द' बोलायला उठले, आणि आपल्याकडे दोन शब्द म्हणजे किती हे सांगायला नको. ते माझ्याच माणसाविषयी बोलत होते. मला ते संपू नयेसं वाटत होतं.

मी उठले तेव्हा चार वाजून गेले होते.

पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्या पानावर लोक हसले, शेळ्यांच्या चौकशीला. त्या हसण्यानं माझ्या आवाजात काहीतरी सुटं झालं आणि मी लिहिलं नव्हतं तेही सांगू लागले. तिसऱ्या पानाच्या मध्यावर मान वर केली, तर ती मंचावर माझ्या डाव्या हाताला बसलेली दिसली. गडद निळ्या कापडाचा त्यांच्याकडचा पोशाख, मांडीवर कागद. तिनं पर्समधून पेन्सिल काढली होती आणि ती आपल्या भाषणातल्या ओळी खोडत होती. घाई नव्हती. एक ओळ, मग पान उलटून सबंध परिच्छेद.

मला ते दिसलं. ती काय करते आहे हेही मला कळलं. आणि मी वाचत राहिले.

हे मी इथे लिहिते आहे, कारण नंतर पुष्कळांनी माझी समजूत घातली की वेळेचं भान कोणालाच राहिलं नाही. मला राहिलं होतं. पण पुढच्या पानावर ते आमच्या घराच्या पायरीवर बसून रेडिओ दुरुस्त करत होते, आणि त्यांना तिथे अर्धवट सोडून खाली बसणं मला जमलं नाही.

सत्कार झाला. तिच्या खांद्यावर शाल, हातात श्रीफळ. ती बोलायला उभी राहिली तेव्हा पाचला वीस मिनिटं होती आणि अध्यक्षांचा समारोप व्हायचा होता. ती म्हणाली की जगाचा पैसा ज्या मोठ्या सभांमध्ये हाकला जातो तिथे ती आता जाते. तिच्या देशाला तिथे स्वतःची खुर्ची नाही, आफ्रिकेतल्या कितीतरी देशांना मिळून एक खुर्ची आहे, आणि तिच्यावर बसणाऱ्याला काही मिनिटं मिळतात. "त्या मिनिटांत आमचा माणूस आधी आभार मानतो," ती म्हणाली. "आभार मानून झाल्यावर..."

दारात हॉलची व्यवस्था पाहणारी सामोअन बाई येऊन उभी राहिली. तिच्या मागे पुढच्या बुकिंगची मंडळी, एका चर्चचा गायकवृंद, ओल्या छत्र्या घेऊन. तिनं हसून घड्याळावर बोट ठेवलं. अध्यक्ष पुढे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, जस्ट टू मिनिट्स."

तिनं वाक्य पुरं केलं, कागद मिटले आणि आपल्या भाषेत "झिकोमो" म्हणाली. म्हणजे धन्यवाद. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. समारोप झाला, आभार झाले, फोटो झाले. गायकवृंदातल्या बायका आम्हाला खुर्च्या उचलू लागल्या. सगळे मला सांगत होते, काय देखणा कार्यक्रम झाला. खरंच देखणा झाला होता.

मुलगी गाडी चालवत होती. आमची पाहुणी शहरात विद्यापीठाजवळ राहायची, तिला सोडायचं होतं. वायपर चालू होते. मग मुलगी मराठीत म्हणाली, "आई, परिचय त्यांचा होता. तू बाबांबद्दलच बोललीस."

"माहीत आहे."

मागच्या सीटवर ती श्रीफळ मांडीवर घेऊन बसली होती. तिला मराठी येत नव्हतं, पण कळलं असावं. मी मागे वळून इंग्रजीत बोलायला सुरुवात केली की माझी मोठी चूक झाली, मला फार वाईट वाटतंय, त्यांची शेवटची इच्छा होती की...

"अमाई," ती म्हणाली, "माफी लांबवू नका. माझा तोही वेळ जाईल."

मुलगी स्टिअरिंगवर हसली. मीही हसले, आणि मग रडले. तिनं मला रडू दिलं.

"मोठ्या सभांमध्येही आमचा परिचय फार छान करून देतात," ती थोड्या वेळानं म्हणाली. "पाहुणचार उत्तम असतो. पिशवी देतात, पेन देतात. गेल्या वेळी तर छत्रीसुद्धा दिली. तुमच्यासारखा नारळ मात्र कोणी दिला नव्हता." तिनं तो कानाशी हलवून पाहिला. "पाणी आहे."

तिच्या दाराशी गाडी थांबल्यावर मी विचारलं, "तुला काय हवं आहे?" तिच्यासाठी काय करावं याचा मी वर्षभर विचार केला होता. हे तिला विचारलं नव्हतं.

तिनं गाडीचं दार उघडलं. मग म्हणाली, "प्रश्न. टाळ्या आम्हाला खूप मिळतात. माझ्याशी कोणी वाद घालत नाही. ज्याचं म्हणणं मोजायचं असतं त्याच्याशी माणसं वाद घालतात. मला तीन आठवड्यांनी परत जायचंय, आणि लगेच पुन्हा एका सभेत बसायचंय. तिथे मी काय मांडणार ते एकदा कोणीतरी खणून पाहायला हवंय."

सोमवारी मी अध्यक्षांना फोन केला.

"परत? वहिनी, पहिलं पुष्प इतकं सुंदर झालं! दुसरं पुढच्या वर्षी गुंफू ना."

"त्यांना नऊ मिनिटं मिळाली."

"घड्याळ लावून बसला होतात का?" ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "हे बघा, लोक आले ते तुमच्यासाठी आले. डॉक्टरसाहेबांसाठी आले. आफ्रिकेच्या इकॉनॉमीसाठी शनिवारी कोण घराबाहेर पडणार? मुलांचं सॉकर असतं." माझ्या यजमानांना पीएच.डी.मुळे सगळे डॉक्टरसाहेब म्हणत.

"मंडळातर्फे नको. माझ्या घरी. तुम्ही याल का? तुम्हाला त्यांचं काय पटलं नाही, ते विचारायला."

"मला? मला ऐकू तरी कुठे आलं पूर्ण, न पटायला!" म्हणाले आणि स्वतःच थबकले.

पुढच्या दोन आठवड्यांत मी कधी न मागितलेली गोष्ट मागत हिंडले. सँडरिंगहॅमला वाणसामान घेताना ओळखीचं कोणी दिसलं की कडीपत्त्याच्या टोपलीपाशी गाठायची. मी लोकांना काही मागणारी बाई नाही. व्याख्यानाला या म्हणणं सोपं असतं; येऊन बसलं की झालं. वाद घालायला या म्हटल्यावर माणसं बिचकत. "आम्हाला त्यातलं काय कळतं?" एक नर्स म्हणाली. मी म्हटलं, "तेच विचारा." तेरा जणांना सांगितलं, आठ येतो म्हणाले, सहा आले. अध्यक्ष त्यांत होते.

व्यवस्था तिनं सांगितली तशी केली. मंच नाही, शाल नाही, परिचय नाही. चहा शेवटी, हे पाळणं मला सगळ्यांत जड गेलं, कारण माणसं येऊन बसली आणि कपात काही नाही हे माझ्या हातांना सहन होत नव्हतं. मी वही घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. माझं काम लिहून घ्यायचं.

ती बोलू लागली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आवाज हॉलमधल्यापेक्षा खालचा, घरातला. तिचं म्हणणं मोठं गुंतागुंतीचं नव्हतं. सभेचे कागद त्यांच्या हाती इतक्या उशिरा येतात की वाचायला माणसं पुरत नाहीत. मोठ्या देशांकडे एकेका कागदामागे खोलीभर माणसं असतात. जी खुर्ची इतक्या देशांनी वाटून घ्यायची, तिथून निघणारं वाक्य सगळ्यांना चालेल असं गुळगुळीत करावं लागतं. आणि सभेत कशावर बोलायचं याची यादी करताना त्यांच्यापैकी कोणी तिथे नसतं.

"पण एक सांगा," अध्यक्ष पुढे सरकले. "ज्यांचा पैसा जास्त त्यांची मतं जास्त, हे चूक कसं? कंपनीत शेअर्स असतात तसंच ना?"

"तुमच्या मंडळाला सर्वांत मोठी देणगी कोण देतं?"

"आहेत एक गृहस्थ."

"त्यांना मतं किती?"

"एकच. त्यांना दहा असावीत असं वाटतं, ती गोष्ट वेगळी!" सगळे हसले. ते मात्र सोडेनात. "पण मंडळ म्हणजे बँक नाही, मॅडम."

"नाही. आणि कंपनी भागधारकाला त्याच्या घरात काय शिजवायचं ते सांगत नाही. आम्हाला सांगतात. खत स्वस्त द्यायचं की नाही, कोठारात धान्य ठेवायचं की नाही. माझ्या घरात काय शिजावं हे ठरणार असेल, तर माझं मत माझ्या पैशावर मोजू नका, माझ्या भुकेवर मोजा."

"भूक मोजणार कशी?" माझी मुलगी म्हणाली. ती आयटीतली, मोजता न येणाऱ्या गोष्टीला तिचा आक्षेप असतो.

"तेच तर माझं खातं," ती म्हणाली. पुढची दहा मिनिटं दोघी त्यावरच भांडल्या. नर्सनं विचारलं, तुमच्याच पुढाऱ्यांनी खाल्लं तर त्याचं काय? ती म्हणाली, "खाल्लं. त्यांना विचारायचा हक्क आधी आमचा, मग तुमचा." कोणीतरी म्हणालं, न्यूझीलंडसुद्धा त्या सभेत दुसऱ्यांबरोबर खुर्ची वाटून घेतं, लहान देशाचं असंच असायचं. ती म्हणाली, "खरं. पण तुमच्या मंत्र्यानं फोन केला तर पलीकडे उचलतात."

मी लिहीत होते. माझं पेन थांबत नव्हतं आणि मला वर्षात प्रथमच बरं वाटत होतं. मनात आलं, ते असते तर.

तेवढ्यात अध्यक्षांनी चांगल्या मनानं विचारलं, "मॅडम, मग डॉक्टरसाहेबांसारखी माणसं हवीत ना? तुमची बाजू त्या खोलीत मांडणारी? रताळ्यांची गोष्ट वहिनींनी सांगितली आम्हाला त्या दिवशी. ते तुमचा आवाज झाले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितली नाही. मी तिथे आहे हे लक्षात घेतलं, एवढंच.

"ते माझे गुरू होते," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी त्यांनी माझं म्हणणं मांडलं नाही."

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले.

"आकडा मांडला. आकडा बरोबर होता. पण बैठकीच्या आधी मी त्यांना म्हटलं होतं, आकड्यानं सुरुवात करू नका. मी ज्या गावांतून आले होते तिथे बायका शेतातली हिरवी, न भरलेली कणसं तोडून पोरांना घालत होत्या. त्या महिन्यात कोणी असं करत नाही. त्याचा अर्थ एकच होतो: घरातली कणगी रिकामी झाली आहे, आणि पुढचं पीक आत्ताच खाल्लं जातंय. मी म्हटलं, हे सांगा. ते म्हणाले, ही लोकं याला किस्सा म्हणतील, आकडा ऐकतील. मी पंचविशीतली. गप्प बसले. आकडा तळटिपेत गेला. हिरव्या कणसांचं काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित तेही तळटिपेतच गेलं असतं. पण ती खोली काय ऐकू शकते, हे त्यांनी ठरवलं. माझ्या भल्यासाठी, प्रेमानं. तरी ठरवलं त्यांनीच."

मला सांगायचं होतं की वीस वर्षं ते या बैठकीचं ओझं वाहत होते. की त्यांना झोप लागायची नाही. की शेवटच्या दिवसांत, औषधांच्या गुंगीतसुद्धा, त्यांनी तिच्या तासाची आठवण काढली. सगळं खरं होतं. कणसांचं मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. विसरले होते, की सांगवत नव्हतं? हे मला आता कधीच कळणार नव्हतं, आणि त्यांच्या वतीनं उत्तर देणारी या खोलीत मी एकटीच होते.

मी तोंड उघडलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. अध्यक्षही बघत होते, वहिनी काहीतरी बोलतील आणि सगळं सावरून घेतील, अशा आशेनं. वाक्य माझ्या जिभेवर होतं. सुरू केलं असतं तर ते चार पानांवर थांबलं नसतं.

मी मान खाली घातली आणि वहीत लिहिलं: हिरवी कणसं. आकड्याच्या आधी सांगायला हवं होतं. मग तिनं सांगितलं त्या क्रमानं बाकीचं लिहिलं, 'प्रेमानं' हा शब्दसुद्धा, आणि 'तरी ठरवलं त्यांनीच' हेही. अक्षर हललं, पण लागतं.

ती पाणी प्यायली.

"तर मग," अध्यक्षांचा आवाज जरा उतरला होता, पण प्रश्न त्यांनी सोडला नाही, "आता तुम्ही स्वतःच जाताय त्या सभेत. पहिलं वाक्य काय बोलणार?"

"तेच ठरत नाहीये," ती म्हणाली, आणि कागद उलटून खुर्ची पुढे ओढली. "माझ्याकडे तीन आहेत. वाचते. आवडलं नाही तर सरळ सांगा."

मी वहीचं नवं पान काढलं. तिनं पहिलं वाक्य वाचलं, आणि नर्स लगेच म्हणाली, "हे नाही. यात परत आभारच मानलेत तुम्ही."